गच्चीवरचे विमान आणि आपल्या घरावरचे पत्रे



गेल्या रविवारी विहारातून घरी आलो, तर ओट्यावर आमच्या गल्लीतली एक मुलगी आणि तिची आई माझी वाट पाहत बसलेल्या. मुलगी यंदा अकरावीत, विज्ञान शाखेला. वडील चाळीसगाव स्टेशनाबाहेर रिक्षा चालवतात, आई शिवणकाम करते. मला पाहताच आई म्हणाली, ‘‘गुरुजी, हिले जरा समजाडा.’’

मी विचारले, काय झाले? मुलगी खाली मान घालून, पण ठाम आवाजात बोलली, ‘‘माले इमानमां बसनं नही शे गुरुजी, माले इमान चालाडनं शे.’’

आदल्या रात्री तिने एक जुनी चित्रफीत पाहिली होती. मुंबईच्या एका वैमानिकाने आपल्या इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या हातांनी विमान बांधले, ही ती गोष्ट. ती पाहून पोरीच्या डोळ्यांतली झोप उडाली होती. आई काळजीत होती, आणि मुलीच्या मनातही एक गोष्ट सलत होती. जाताना ती बोललीच, ‘‘पण त्या कॅप्टनना घरले गच्ची व्हती. आपला घरवर ते पत्रा शेतस.’’

त्या वाक्याने मला आठवडाभर सोडले नाही. म्हणून आजचे हे सदर त्या मुलीसाठी, तिच्या आईसाठी, आणि ज्यांच्या घरात असे एखादे लेकरू आहे त्या सर्व आई-वडिलांसाठी.

प्रथम त्या वैमानिकाविषयी. त्यांचे नाव कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातले एक मराठी कुटुंब. घरात लहान-मोठी मिळून १९ माणसे एकत्र राहणारी. अमोल यादव यांनी अमेरिकेत वैमानिकाचे शिक्षण घेतले आणि पुढे ते जेट एअरवेज या कंपनीत वैमानिक झाले. चांगली नोकरी, चांगला पगार. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर समाधान मानून राहिला असता. पण यांच्या डोक्यात एकच किडा, की विमान चालवतो तसे ते बनवताही आले पाहिजे.

पहिला प्रयत्न फसला. दुसराही फसला. तिसऱ्या वेळी त्यांनी सहा आसनांचे विमान बांधायला घेतले, आणि जागा निवडली ती राहत्या इमारतीची गच्ची. का? तर मुंबईत एवढी मोकळी जागा भाड्याने घेणे परवडणारे नव्हते. इमारतीला लिफ्ट नव्हती. यंत्रे, पत्रे, वेल्डिंगचे सामान जिन्याने वर चढवायचे. अमेरिकेहून मागवलेले इंजिनसुद्धा असेच वर गेले. नोकरीवरून यायचे आणि गच्चीवर जायचे, असे वर्षामागून वर्ष चालले. पैसा कमी पडला तेव्हा घरच्यांनी घर गहाण टाकले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय काय म्हटले असेल, ते आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. वस्तीत एखादा पोरगा रात्री दोनपर्यंत अभ्यास करू लागला, तरी लोक त्याला वेडा ठरवतात!

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला होता. गच्चीवरचे ते विमान क्रेनने खाली उतरवून तेथे नेण्यात आले. देशोदेशीच्या कंपन्यांचे झगमगते मंडप एकीकडे आणि चारकोपच्या गच्चीवरचे विमान एकीकडे. लोकांची रीघ लागली. वाहिन्यांचे कॅमेरे आले. त्या आठवड्याने कॅप्टन अमोल यादव हे नाव घराघरात पोहोचवले. अनेक वर्षे विमान चालवणारा माणूस छोट्या पडद्यावरचा ओळखीचा चेहरा झाला.

आमच्या गल्लीतल्या मुलीने पाहिली ती एवढी गोष्ट. पण वाचकहो, खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते, आणि ती टीव्हीवर फारशी दिसली नाही.

विमान तयार होते, पण ते उडवायला परवानगी नव्हती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, त्यांचे अर्ज २०११ पासून पडून होते. घरी बांधलेल्या विमानाला कोणत्या नियमात बसवायचे, हाच प्रश्न. एक टेबल सांगे दुसऱ्या टेबलाकडे जा. ज्यांनी जातीचा दाखला काढण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना हे सारे समजावून सांगायची गरज नाही. टीव्हीवर गाजल्यानंतर राज्य सरकारने लक्ष घातले. तरीही विमानाची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात विमानांचा कारखाना काढण्याचा ३५ हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला, त्याच्याही बातम्या झळकल्या. पण करारावर सही झाली म्हणून विमान उडत नाही. प्रत्यक्ष चाचणी उड्डाणाचा परवाना हातात पडायला ऑक्टोबर २०१९ उगवावा लागला. मधल्या काळात, १७ एप्रिल २०१९ रोजी, जेट एअरवेजची विमानेही जमिनीवर आली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. गणवेश कितीही रुबाबदार असो, वैमानिक हाही शेवटी पगारावर जगणारा माणूस असतो, हे त्या दिवशी देशाने पाहिले.

आणि मग त्या विमानाची चाचणी उड्डाणे कोठे झाली असतील? मुंबईत नव्हे, पुण्यात नव्हे. ती झाली आपल्या खानदेशात, धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर, २०२० साली. गच्चीवरच्या विमानाची चाके जमिनीवरून सुटली ती आपल्या मातीवरून. चाळीसगावहून धुळे किती लांब? आपल्या आगगाडीच्या फाट्याचे शेवटचे स्टेशन!

ही गोष्ट त्या मुलीला सांगितली तेव्हा तिचे डोळे चमकले. पण मी तिला म्हटले, बाई, टीव्हीवर माणूस दोन मिनिटे दिसतो. त्या दोन मिनिटांमागे किती वर्षे उभी आहेत, ते मोजायला शीक.

माझ्या पिढीला आणखी एक वैमानिक आठवतो. एप्रिल १९८४. स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा ज्याच्याकडे दूरदर्शन संच असेल त्याच्या दारात अख्खी गल्ली जमा होत असे. पंतप्रधान इंदिरा गांधी त्यांच्याशी बोलल्या ते साऱ्या देशाने ऐकले. त्या एका संभाषणाने ते पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिले. पण त्याआधी त्यांनी १९७१ च्या युद्धात लढाऊ विमान चालवले होते. आणि अंतराळातून आल्यावर पुढे अनेक वर्षे ते हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक होते, त्यांतली काही वर्षे आपल्या शेजारच्या नाशिकजवळ ओझरला. तयार झालेले विमान प्रथम हवेत नेऊन ते धड आहे की नाही हे पाहायचे, असे ते जोखमीचे काम. पडदा विझला तरी ज्याचे काम चालू राहते तो खरा वैमानिक.

आता मुलीच्या त्या पत्र्याच्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी मला तुम्हाला १९२९ सालात न्यावे लागेल.

त्या वर्षी हिंदुस्थानात दोन गोष्टी घडल्या. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. देशात दिला गेलेला तो पहिला परवाना, क्रमांक १. मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लब नुकताच निघाला होता, तेथे ते शिकले. पुढे १९३२ मध्ये त्यांनीच कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले आणि त्यातून देशाची हवाई वाहतूक उभी राहिली. त्यांच्या कर्तृत्वाविषयी आदरच आहे.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली, आणि ती आपल्या चाळीसगावची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून एका बहिष्काराच्या चौकशीसाठी खानदेशात आले होते. धुळ्याहून परतताना येथील आपल्या लोकांच्या आग्रहावरून ते चाळीसगावला उतरले. स्टेशनावर त्यांना बराच वेळ ताटकळावे लागले. कारण नंतर कळले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे एकाही टांगेवाल्याला आपल्या प्रतिष्ठेला शोभणारे वाटले नाही. शेवटी तडजोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली, आणि पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला अडकून घोडा टांग्यासह खाली गेला. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. टांगेवाल्याला उतारूच्या जिवापेक्षा स्वतःचा मान मोठा वाटला, हे त्यांचे त्यातले दुःख.

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो. म्हातारी माणसे सांगत तेव्हा टांगेवाल्यांवर राग येई. वय वाढल्यावर मला त्या लगाम धरणाऱ्या आपल्या माणसाविषयी वाटू लागले. त्याची भक्ती कमी नव्हती, हिंमत कमी नव्हती. फक्त त्याला कोणी कधी टांगा हाकायला शिकवले नव्हते. शिकण्याची संधीच नाकारलेल्या हातात ऐनवेळी लगाम आला. त्या रात्री तो माणूस कसा झोपला असेल, हा विचार मनात येतो आणि गलबलून येते.

एकाच वर्षात एका घरच्या तरुणाला आकाशाचा परवाना मिळत होता, आणि एका समाजाला टांग्याचा लगाम माहीत नव्हता. गच्ची आणि पत्रा यांच्यातले अंतर ते हेच. मुलीने विचारलेला प्रश्न साधा नव्हता.

पण अंतर कापले जाते, हेही खरे. ज्या स्टेशनाबाहेर बाबासाहेबांना टांगेवाला मिळाला नाही, तेथे आज आपली पोरे रिक्षा चालवतात, कोणीही बसतो, कोणीही विचारत नाही. या मुलीचा बाप त्यांतलाच एक. आणि ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात टाटा शिकले, त्याच क्लबने पुढे आपल्या धुळ्यात प्रशिक्षण सुरू केले. शिरपूरला विमान विद्येची संस्था निघाली, गोंदियाला निघाली. शेतात निंदणी करणाऱ्या बायाबापड्या मान वर करून प्रशिक्षणाची छोटी विमाने पाहतात.

मुलींच्या बाबतीत तर चित्र फारच बदलले. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिल्चरला इंडियन एअरलाइन्सचे विमान नेले, तेव्हा त्यातले सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. ती केवढी मोठी बातमी झाली होती! आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगातल्या फार थोड्या देशांत हे प्रमाण एवढे आहे.

आता आईच्या काळजीविषयी बोलू, कारण ती खोटी नाही. दोन काळज्या आहेत, पैशाची आणि जिवाची.

पैशाचे आधी. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी वय १८ पूर्ण लागते, बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय आजवर लागत आले आहेत, डीजीसीएने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी लागते, आणि २०० तासांचे उड्डाण लागते. शिवाय हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामानशास्त्र, विमानाची तांत्रिक माहिती आणि रेडिओवरचे संभाषण यांच्या परीक्षा. हे सारे इंग्रजीतून. सगळा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो, आणि मोठे विमान चालवण्याचे शिक्षण त्याहून वेगळे. रिक्षावाल्याच्या घरात हा आकडा उच्चारतानाही जीभ अडखळते.

पण दारे अगदीच बंद नाहीत. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी १९८५ पासून आहे. तेथे प्रवेश परीक्षेतून मुले घेतात आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा असतात. अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या नियमांत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम अभियांत्रिकी आणि वैद्यकीच्या बरोबरीने पहिल्या गटात धरलेला आहे. ही गोष्ट आपल्या किती पालकांना ठाऊक आहे? मी चार शिकलेल्या माणसांना विचारले, एकालाही माहीत नव्हते. रक्कम आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून जळगावला समाज कल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षाचा नियम लेखी विचारून घ्यावा. ऐकीव माहितीवर घर गहाण टाकू नये. टीव्हीवरची किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून एखाद्या संस्थेत एकरकमी पैसे भरू नयेत. संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, विमाने किती, मागच्या वर्षी किती मुलांचे २०० तास पूर्ण झाले, हे प्रश्न विचारायला लाजायचे कारण नाही. आणि वैद्यकीय तपासणी आधी, पैसे नंतर. डोळ्यांचा किंवा कानाचा दोष निघाला आणि भरलेले पैसे बुडाले, असे होऊ नये.

आता जिवाचे. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी गावाच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरच्या संस्थेचे एक प्रशिक्षण विमान कोसळले. शिकवणारे वैमानिक जागीच गेले. शिकणारी तरुण मुलगी गंभीर जखमी झाली. तो भाग असा, की तेथे गाडी जाऊ शकत नव्हती. पाऊस, चिखल, झाडी. आसपासचे आदिवासी बांधव धावत आले. मुलीला उचलून न्यायला काही साधन नव्हते. तेव्हा तेथल्या एका आदिवासी बाईने अंगावरचे लुगडे सोडून दिले. त्याची झोळी बांधली, तीत त्या मुलीला घातले आणि माणसांनी ती खांद्यावरून खाली आणली. मुलगी वाचली.

मी ही बातमी वाचली तेव्हा मला आपल्या गावची ती फरशी आठवली. १९२९ मध्ये येथे काही माणसांना उतारूच्या जिवापेक्षा आपली प्रतिष्ठा मोठी वाटली. ९२ वर्षांनी याच जिल्ह्यात एका निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या वस्तीतल्या बाईने चार पुरुषांच्या देखत आपले लुगडे सोडले, कारण तिला आपल्या लाजेपेक्षा अनोळखी पोरीचा जीव मोठा वाटला. त्या पोरीची जात तिने विचारली नाही. विमान कोणाचे, तेही विचारले नाही.

हे मी त्या आईला सांगितले. ती ऐकून गप्प बसली. जरा वेळाने म्हणाली, ‘‘म्हणजे धोका शे.’’

मी म्हटले, ताई, धोका आहे. खोटे सांगणार नाही. आकाशात चूक झाली तर सावरायला फार वेळ नसतो. म्हणूनच तेथे शिक्षण कडक असते. फरशीवर टांगा गेला तो न शिकता लगाम धरावा लागला म्हणून. पोरीला न शिकवता घरात बसवले, तर तो धोका टळत नाही, तो दुसऱ्या कोठल्या तरी रूपाने तिच्या वाट्याला येतो.

मग मुलीकडे वळलो. तिला तीन कामे दिली. पहिले, बारावीपर्यंत गणित आणि भौतिकशास्त्र असे करायचे, की वैमानिक नाही झाली तरी ते वाया जाऊ नये. विमानतळावर वाहतूक नियंत्रक लागतात, देखभाल करणारे अभियंते लागतात, हवामान सांगणारे लागतात. आकाशाशी नाते जोडणारी नोकरी एकच नाही. दुसरे, रोज अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाचायचे. रेडिओवर जो बोलतो त्याचे शब्द स्पष्ट हवेत. तिसरे, येत्या सुट्टीत बापाच्या रिक्षाचे इंजिन उघडून पाहायचे. काय कशाला जोडले आहे, बंद पडले तर का पडते, हे बापाकडून शिकून घ्यायचे. अमोल यादवांनी विमान बांधले तेव्हा हातात पाना धरायला त्यांना कमीपणा वाटला नव्हता.

तिसऱ्या कामावर मुलगी हसली. आईही हसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टेशनाकडून येत होतो, तर गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी. बाप उकिडवा बसलेला आणि पोरगी मोबाईलचा उजेड इंजिनावर धरून काहीतरी विचारत होती. बापाचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत त्याला त्याच्या कामाविषयी एवढ्या आदराने बहुधा कोणी काही विचारले नसेल.

पुढे काय होईल, मी सांगू शकत नाही. ती मुलगी वैमानिक होईल, किंवा ओझरच्या कारखान्यात अभियंता होईल, किंवा आणखी काही. तिला टीव्हीवर कोणी दाखवो की न दाखवो. पण आपल्या विहारात, आपल्या महिला मंडळात या शिष्यवृत्तीची माहिती एक पान लिहून लावता येईल की नाही? भीमजयंतीच्या वर्गणीतून दोन मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा आणि प्रवेश परीक्षेचा खर्च निघेल की नाही? एवढे ठरवायला गच्ची लागत नाही. पत्र्याखाली बसूनही ते ठरते.

येत्या रविवारी वंदनेनंतर मी आमच्या विहारात हा विषय काढणार आहे. तुमच्या गावी तुम्ही काढावा, ही विनंती.

जयभीम.